सोंग, संपादणी आणि नाट्य

अमरकोशाच्या दुसऱ्या कांडात नटाचे पर्यायशब्द एकत्र दिलेले आहेत, आणि ते ज्या वर्गात दिले आहेत त्याचे नाव शूद्रवर्ग. शैलाली, शैलूष, जायाजीव, कृशाश्वी, भरत, नट अशी ती मालिका आहे. यांतील शैलाली आणि कृशाश्वी या शब्दांचे मूळ थोर आहे. शिलाली आणि कृशाश्व या दोघांनी सांगितलेल्या नटसूत्रांचा निर्देश खुद्द पाणिनीने केला आहे. ती सूत्रे शिकणारे ते शैलाली आणि कृशाश्वी. ‘भरत’ हा शब्द तर नाट्यशास्त्राच्या कर्त्या मुनीचेच नाव. अशा या पूज्य नावांच्या पंगतीत ‘जायाजीव’ हा शब्द बसवलेला आहे. बायकोच्या जिवावर जगणारा, असा त्याचा उघड अर्थ. कोशकार निर्विकार असतो, त्याला समोर आलेले शब्द नोंदवायचे असतात. परंतु एका कलेविषयी समाजाच्या मनात किती आदर होता आणि किती तुच्छता, याचा जमाखर्च या एका ओळीत आपोआप मांडला गेला आहे.

नाट्यशास्त्रालाही हे दुखणे ठाऊक होते. त्या ग्रंथाच्या अखेरच्या भागात भरतपुत्रांना मिळालेल्या शापाची कथा येते. नाट्यविद्येच्या मदाने त्यांनी ऋषींचीच टवाळी करणारा प्रयोग केला, आणि संतापलेल्या ऋषींनी त्यांना शूद्रत्वाचा शाप दिला. पुढे नहुष राजाच्या विनंतीवरून हेच भरतपुत्र नाट्य घेऊन पृथ्वीवर उतरले. पहिल्या अध्यायात ज्या विद्येला पाचवा वेद म्हटले, तिच्या उपासकांना शेवटी हीन का मानले जाते, याचे उत्तर ग्रंथकाराला द्यावे लागले, यातच सारे आले. विशेष हे की शाप नाट्याला नाही, नटांना आहे. विद्या वंद्य राहिली आणि माणसे मात्र निंद्य ठरली. हा भेद पुढे शब्दांतही उतरला आणि तो मराठीत आजतागायत टिकून आहे. ‘नाट्य’ म्हटले की भाषेचा सूर उंचावतो. ‘नाटक’ म्हटले की तो बेताचा होतो. आणि ‘नाटकी’, ‘नाटक्या’ म्हटले की नाक मुरडले जाते. तिन्ही शब्दांचा धातू एकच.

नाट्यशास्त्राने वर्णनासाठी दिलेली परिभाषा मात्र या तुच्छतेपासून मुक्त आहे. तिथे लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे दोन प्रकार सांगितले आहेत. लोकांत जसे घडते तसे दाखवणे ते लोकधर्मी. आणि जे लोकांत तसे घडत नाही, पण रंगावर सांकेतिक रीतीने घडवले जाते, ते नाट्यधर्मी. जवळ उभ्या असलेल्या पात्राचे बोलणे दुसऱ्याने न ऐकणे, चार पावलांत योजनांचे अंतर कापणे, नुसत्या हस्तमुद्रेने फूल खुडणे हे सगळे नाट्यधर्मी. म्हणजे आजच्या मराठीत ज्याला ‘नाटकी’ म्हणून हिणवले जाईल त्याला भरताने एक शास्त्रीय नाव दिले आणि ते दोष म्हणून दिले नाही. दोन्ही धर्मच. ‘नाटकी’ या शब्दाला असा निर्मळ पर्याय भाषेजवळ दोन हजार वर्षांच्या आसपास पडून होता, पण तो पंडितांच्या पेटाऱ्यात राहिला. बोलीत त्याचा शिरकाव झाला नाही.

मराठीने आपला शब्द वेगळा घडवला आणि तो तितकाच थोर होता. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात निष्काम कर्म समजावून सांगताना बहुरूप्यांचा दृष्टान्त येतो. बहुरूप्यांतला एक राजा होतो, एक राणी होतो. त्यांच्या मनात स्त्रीपुरुषभाव नसतो, तरी लोकांपुढे ते आपापली वागणूक तंतोतंत निभावतात. या निभावण्याला तिथे ‘संपादणी’ हा शब्द वापरला आहे. ज्ञान्याने लोकसंग्रहासाठी कर्म करावे ते याच रीतीने, असा संदर्भ. नटाचे काम हे इथे लबाडीचे उदाहरण नाही. ज्ञान्याच्या वागण्याला जगात जवळात जवळचे काही सापडले असेल तर ते नटाचे काम, असे सांगायचे आहे. राणीचे सोंग घेतलेल्या पुरुषाला आपण राणी नाही हे ठाऊक असते, पाहणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि तरीही राणीचे राणीपण कुठे उणे पडत नाही. नटाच्या व्यवसायाला याहून मोठा मान मराठीत पुढे कोणी दिलेला दिसत नाही. आणि हा मान एखाद्या दरबारी नाटकातल्या नटाला दिलेला नाही. तो गावोगाव दारोदार फिरणाऱ्या बहुरूप्याला दिलेला आहे.

‘संपादणे’ म्हणजे सिद्धीस नेणे, पार पाडणे. पुढे तुकारामांच्या अभंगांतही ‘सोंग’ आणि ‘संपादणे’ हे शब्द जोडीने येतात, आणि तिथेही बाहेरचे रूप पालटले तरी आतला रंग पालटत नाही हाच भाव आहे. परंतु त्याच तुकारामांनी भोंदू साधूंवर जे कोरडे ओढले त्यांत सोंग म्हणजे निव्वळ ढोंग. एकाच कवीच्या वाणीत शब्दाची दोन्ही टोके सापडतात. नंतरच्या शतकांत पहिले टोक झिजत गेले. आजच्या मराठीत ‘संपादणी’ म्हणजे सारवासारव. झालेल्या चुकीवर पांघरूण घालायचे, वेळ मारून न्यायची, ती संपादणी. ज्ञानेश्वरीतला बहुरूपी आणि आपली चूक झाकू पाहणारा कारकून यांना एकाच शब्दाने ओळखावे, असा हा प्रवास आहे. त्याच धातूपासून आलेला ‘संपादक’ मात्र प्रतिष्ठित राहिला. अर्थात ही प्रतिष्ठा त्याला छापखान्याच्या काळाने दिली.

‘सोंग’ या शब्दाचे नशीब थोडे बरे. तो हिंदीतल्या ‘स्वाँग’चा सोयरा. एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडांनी त्याला प्रतिष्ठेचे स्थान मिळवून दिले. वासुदेव, जोशी, गोंधळी, जोगी, वाघ्या-मुरळी, जोहार घालणारा महार अशी गावगाड्यातली माणसे त्या भारुडांत येतात. म्हणणारा त्यांचा वेष आणि लकब घेऊन उभा राहतो आणि त्यांच्या तोंडून परमार्थ बोलतो. यांना सोंगी भारुडे असेच म्हणतात आणि त्यात कमीपणा कोणी मानत नाही. देवळांतल्या उत्सवाच्या अखेरीस होणाऱ्या लळितांत, तळकोकणातल्या दशावतारात, रत्नागिरीकडच्या नमन-खेळ्यांत सोंग हाच शब्द चालतो. ‘रात्र थोडी, सोंगे फार’ ही म्हण अशाच एखाद्या रात्रीच्या उजाडत्या प्रहरी जन्मली असावी. रावण अजून यायचा आहे आणि पूर्वेला तांबडे फुटू लागले आहे, ही त्या म्हणीतली काळजी खऱ्या खेळियाची आहे. तिच्यात निंदा नाही. मात्र ‘सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही’ या दुसऱ्या म्हणीत बाजाराचा हिशेब शिरला आहे, आणि ‘सोंगे करू नकोस’ या घरगुती दटावणीत तर खेळाची आठवणही उरलेली नाही.

फारसीच्या संसर्गाने मराठीत जे शब्द आले त्यांत ‘तमाशा’ सर्वांत भाग्यवान आणि सर्वांत अभागी. अरबीत त्याच्या मुळाशी चालणे आहे. बरोबरीने चालणे, फिरणे. फारसीत त्याचा अर्थ फेरफटका मारत पाहणे आणि मग पाहण्याजोगी गोष्ट असा झाला. मराठीने हा शब्द घेतला आणि त्याला एका खास कलाप्रकाराचे नाव केले. जाता जाता नोंदवण्याजोगे हे की बंगालीतल्या ‘जात्रा’ या नाट्यप्रकाराच्या नावातही मूळ अर्थ प्रवासाचा, मिरवणुकीचाच आहे. तर कन्नडात यक्षगानाच्या प्रयोगाला ‘आट’ म्हणजे खेळ म्हणतात. भारतीय भाषांनी नाट्याला नावे देताना एकतर पायांकडे पाहिले किंवा खेळाकडे.

उत्तर पेशवाईत तमाशा भरभराटला. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर हे शाहीर त्या काळातले. त्यांत ब्राह्मण होते, गवळी होते, मुसलमान होते, शिंपी होते. त्याच काळाच्या कागदपत्रांत ‘नाटकशाळा’ हा एक शब्द वारंवार भेटतो. आजच्या वाचकाला ते एखाद्या नाट्यगृहाचे नाव वाटेल. पण नाटकशाळा म्हणजे सरदारांच्या पदरी असलेली नाचणारी, ठेवलेली स्त्री. शाळा म्हणजे जागा. जागेचे नाव व्यक्तीला लागले आणि त्या व्यक्तीचे स्वतःचे नाव बहुधा लुप्त झाले. नाटक या शब्दाभोवतीचा संशय स्त्रीपुरते बोलायचे तर एवढा खोल गेला होता. पुढे मराठी रंगभूमीवर जवळजवळ नव्वद वर्षे स्त्रीभूमिका प्रामुख्याने पुरुषांनी का केल्या, याची इतर कारणे शोधण्याआधी हा शब्द ध्यानात घ्यावा.

या सुमारास महाराष्ट्रापासून दूर, कावेरीच्या खोऱ्यात, मराठीत ‘नाटक’ हा शब्द पूर्ण आदराने नांदत होता. तंजावरचे भोसले राजे स्वतः नाटककार होते. शाहजीराजांच्या (कारकीर्द १६८४–१७१२) ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ या नाटकाची गणना अगदी आरंभीच्या मराठी नाटकांत होते. दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८–१८३२) ‘देवेंद्र कुरवंजी’त तमिळ मुलखातला कुरवंजी हा नृत्यनाट्यप्रकार मराठीत आणून त्यात चक्क पृथ्वीचा भूगोल सांगितला. ‘कल्याण’, ‘कुरवंजी’, ‘दरु’ हे तिथल्या मराठी नाट्याचे शब्द सरस्वती महालाच्या हस्तलिखितांत राहिले, घाट ओलांडून इकडे आले नाहीत. एकाच भाषेचे दोन नाट्यसंसार होते आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. राजा स्वतः लिहितो तिथे नाटक हा शब्द मळत नाही, हे तंजावराने दाखवले. पण तो दाखला महाराष्ट्रात कोणाच्या उपयोगी पडला नाही.

इकडे १८४२ मध्ये उत्तर कानडातून भागवत मंडळी सांगलीस आली. तिचे खेळ पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसे काही मराठीत करण्याची आज्ञा केली आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ झाले. भाव्यांच्या काळात प्रयोगाला ‘खेळ’ म्हणत आणि खेळाच्या कथेला ‘आख्यान’. सूत्रधार पदे म्हणे, विदूषक हसवी, पात्रे आयत्या वेळी सुचेल ते भाषण करीत, आणि राक्षस ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकून प्रवेश करीत. ही आरोळी गावोगावच्या पोरांच्या तोंडी बसली, आणि पुढे इंग्रजी शिकलेल्या पिढीने तिचाच दगड करून या नाटकांवर मारला. ‘अललडुर्र नाटके’ हे त्यांचे टिंगलीचे नाव झाले. मृदंगाच्या बोलावरून ‘तागडथोम नाटके’ हे दुसरे नाव. भाव्यांचा राक्षस नाट्यधर्मी होता. त्याच्याकडे लोकधर्मी डोळ्यांनी पाहणारा प्रेक्षक आता समोर येऊन बसला होता.

या नव्या प्रेक्षकाने आपल्या आवडीचेही नाव ठेवले. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले आणि लिहून छापलेल्या अशा नाटकांना ‘बुकिश नाटके’ म्हणू लागले. इंग्रजी शब्दाला मराठी प्रत्यय लागतो असे नाही, पण इथे मराठी कानाने तो तसाच सामावून घेतला. पौराणिक खेळाच्या शेवटी होणारा ‘फार्स’ही असाच आला, आणि विसाव्या शतकात तो रंगमंचावरून उतरून थेट सभागृहांत गेला. चौकशीचा फार्स, निवडणुकीचा फार्स हे शब्दप्रयोग आज इतके रुळले आहेत की मूळ फार्स कोणी पाहिला होता याची आठवणही कोणाला होत नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगले आणि नाटकाला अभूतपूर्व प्रतिष्ठा आली. ‘खेळ’ हा शब्द हळूहळू सिनेमाकडे सरकला आणि नाटकाने संस्कृत ‘प्रयोग’ पांघरला. तरी नाटक मंडळीतल्या माणसाला समाजाने ‘नाटक्या’च म्हटले. ज्याचे पद घरोघरी गुणगुणले जाई त्याला मुलगी द्यायला कोणी तयार नसे. अमरकोशातली ती ओळ अजून पुसली गेली नव्हती.

याच काळात इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासातून नव्या विशेषणांची गरज भासू लागली. एखाद्या कथेत, प्रसंगात, वक्तृत्वात जे गुण दिसत त्यांचे वर्णन करण्यासाठी ‘नाट्यमय’, ‘नाट्यपूर्ण’, ‘नाट्यात्म’ असे शब्द सिद्ध झाले. हे सारे ‘नाट्य’पासून, एकही ‘नाटका’पासून नाही, स्तुतीचा शब्द घडवायचा तर संस्कृतच्या वरच्या मजल्यावरूनच साहित्य आणले पाहिजे, हे लेखकांनी न बोलता ठरवले. ‘नाटकीय’ हा हिंदीला चालणारा शब्द मराठीत त्रिशंकूसारखा राहिला: नाटकासंबंधी असा कोरडा अर्थ सांगू पाहतो, पण ‘नाटकी’ची सावली त्याच्यावर पडतेच. दिवाकर (१८८९–१९३१) यांनी १९११ पासून लिहिलेल्या छोटेखानी एकमुखी रचनांना ‘नाट्यछटा’ हे नाव मिळाले. इंग्रज कवी ब्राउनिंग याच्या नाट्यात्म स्वगतांची प्रेरणा त्यामागे होती. पण ‘छटा’ हा शब्द त्यांच्या आकाराला आणि स्वभावाला असा काही शोभला की मूळ इंग्रजी नावापेक्षा तो नेमका वाटतो. मराठीत घडवल्या गेलेल्या वाङ्मयीन संज्ञांत इतकी हलकी आणि अचूक संज्ञा विरळा.

रंगभूमीच्या इतर शब्दांनीही दरम्यान घरे बदलली होती. संस्कृतात ‘नेपथ्य’ म्हणजे वेष किंवा वेष करण्याची पडद्यामागची जागा. मराठीत ते पडद्यापुढे आले आणि त्याचा अर्थ देखाव्याची मांडणी असा झाला. ‘भूमिका’ ही नटाने घ्यायची. आता ती राजकीय पक्ष घेतात, स्पष्ट करतात आणि बदलतात. ‘सूत्रधार’ हा शब्द सूत धरून मोजणाऱ्या कारागिराचाही होता, मराठी ‘सुतार’ त्यातूनच आला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. पिशेल या जर्मन पंडिताने बाहुल्यांच्या दोऱ्यांशी त्याचे नाते जोडून भारतीय नाटकाचा उगमच कळसूत्री बाहुल्यांत शोधला. आजच्या वृत्तपत्रांत सूत्रधार भेटतो तो कटाचा, दरोड्याचा नाहीतर दंगलीचा. त्याची नटी कुठे गेली कोण जाणे. ‘नांदी’ संघर्षाची होते. काही शब्द मात्र आपल्या जागी राहून दोन बिऱ्हाडे सांभाळतात. ‘तालीम’, ‘फड’ आणि ‘वस्ताद’ हे तिन्ही शब्द पैलवानांचेही आहेत आणि तमासगिरांचेही. अरबीत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत ती लाल मातीतही होते आणि नाटकाच्या ओसरीवरही. गावकुसाबाहेरच्या कलेला कुस्तीची परिभाषा मिळाली याचे कारण उघड आहे: जत्रेत दुपारी एक फड भरे आणि रात्री दुसरा, आणि प्रेक्षक तेच असत.

वृत्तपत्री भाषेतील सर्वांत बोलका शब्द ‘बतावणी’. गण आणि गौळण झाली की वगाआधी तमाशात सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार यांचे जे हजरजबाबी संभाषण चालते ती बतावणी. गावच्या पाटलापासून सरकारापर्यंत सर्वांची खिल्ली उडवण्याची मुभा तिथे असते. भरतपुत्रांना ज्या अपराधासाठी शाप मिळाला तोच अपराध रोज रात्री, टाळ्यांच्या गजरात. पण वर्तमानपत्रात बतावणी येते ती ‘पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धेस लुबाडले’ अशा बातमीत. संपादणीची कथा इथे पुन्हा घडली आहे. फरक इतकाच की संपादणीचा रंगमंचीय अर्थ लोपला. बतावणीचा अजून लोपला नाही, कारण ती करणारी माणसे अजून आहेत. ज्या कलावंताचे पोट बतावणीवर चालते तो सकाळी वर्तमानपत्र उघडतो तेव्हा आपल्या कामाचे नाव त्याला गुन्ह्यांच्या सदरात छापलेले दिसते.

१ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगवले. श्री. वि. वर्तकांनी नॉर्वेजियन नाटककार ब्यर्नसन याच्या नाटकावरून ते लिहिले होते. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, पदे मोजकी ठेवली, घर घरासारखे दाखवले, माणसे माणसांसारखी बोलली. या क्रांतीचे महत्त्व वादातीत आहे. परंतु तिचा एक परिणाम शब्दांवर झाला, त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. ‘स्वाभाविक’ हे अभिनयाचे सर्वोच्च विशेषण बनले आणि ‘नाटकी’ ही शिवी, जी आतापर्यंत नाटकाबाहेरचे लोक नाटकवाल्यांना देत होते, ती नाट्यसमीक्षकांनीच आपल्या लेखणीत घेतली. नटाचा सर्वांत मोठा दोष कोणता, तर तो नट आहे हे कळून येणे! ज्ञानेश्वरीतल्या प्रेक्षकाला ते आरंभापासून ठाऊक होते आणि त्याचे काही बिघडत नव्हते. १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ने खेळे, दशावतार, कीर्तन, तमाशा यांचे सांकेतिक घाट एकत्र आणून माणसांचाच पडदा उभा केला, तेव्हा नाटकीपण हा गुण असू शकतो हे पुन्हा सांगावे लागले, आणि त्यासाठी समीक्षेला ‘शैलीदार’ हा नवा शब्द शोधावा लागला. ‘नाटकी’ म्हणून स्तुती करण्याचे धैर्य तेव्हाही कोणाला झाले नाही.

तमाशाचे दुखणे याहून कठीण होते, कारण तिथे शब्दाबरोबर जातही निंदेत ओढली जात होती. पेशवाईनंतर ही कला मुख्यत्वे महार, मांग, कोल्हाटी या समाजांनी जगवली. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे कुलकर्णी घराण्यात जन्मलेले. तमाशात गेल्यावर आपल्या समाजाला ते दुरावले. याच बापूरावांच्या हयातीत तमाशाच्या घाटाला दुसरे नाव देण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला. सत्यशोधकांनी गणेशाला, गौळणींना आणि शृंगाराला वजा करून त्याच मांडणीत सामाजिक विचार घातला आणि त्याला ‘जलसा’ म्हटले. पुढे भीमराव कर्डक आदींनी आंबेडकरी जलसे उभे केले. अरबीत जलसा म्हणजे बैठक. चालण्यावरून आलेल्या शब्दाची जागा बसण्यावरून आलेल्या शब्दाने घेतली. पण व्युत्पत्तीसाठी ते नाव निवडले गेले नव्हते. सभा, अधिवेशन यांची जी अब होती ती या मंडळींना आपल्या रंगमंचासाठी हवी होती. तमाशा या शब्दाने जो अपमान सोसावा लागे तो ज्यांनी सोसला त्यांनीच तो शब्द खाली ठेवला.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर निर्बंध घातले. शेकडो फडांची चूल त्यामुळे विझायची वेळ आली. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभारणारे अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्यावरही सरकारचा रोष होताच. त्यांचे तमाशे यापुढे ‘लोकनाट्य’ या नावाने होऊ लागले. मजकूर तोच, ढोलकी तीच, बदलले ते नाव. आणि ‘नाट्य’ या अक्षरांत दोन हजार वर्षांचे असे काही पुण्य साठलेले होते की मनाई त्यांच्यापाशी थबकली. हा शब्द पुढे मध्यमवर्गानेही आनंदाने उचलला. १९६५ मध्ये वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ शहरी नाट्यगृहांत गाजले ते लोकनाट्य म्हणून. तमाशा म्हटले असते तर तिकीटबारीवर सहकुटुंब रांग लागती की नाही याची शंका आहे. शब्दाने कलेला वाचवले हे खरे, पण वाचलेली कला कोणाच्या दारात गेली, हा प्रश्न उरतोच. फडातला सोंगाड्या आणि नाट्यगृहातला सोंगाड्या यांच्या बिदागीत आणि मानात जे अंतर पडले ते याच एका शब्दाच्या रुंदीएवढे होते.

गोव्याच्या आणि मुंबईच्या कोकणी ख्रिस्ती समाजाने १८९२ मध्ये आपल्या नव्या नाटकासाठी पोर्तुगीज शब्दावरून ‘तियात्र’ हे नाव घेतले आणि त्याच्यावर ना शाप होता ना सोवळे. पूर्व विदर्भातल्या ‘दंडार’ आणि ‘खडी गंमत’ या नावांनाही असे प्रायश्चित्त घ्यावे लागले नाही. तमाशाला घ्यावे लागले. तरीही जुने नाव मेले नाही. नारायणगावचे भाऊ-बापू मांग यांचा फड त्यांच्या जातीच्या नावासह गाजला, आणि त्याच घरातल्या विठाबाईंना (१९३५–२००२) राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. आजही गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेच्या रात्रींची सुपारी द्यायला तिथे येतात. राहुटीबाहेरच्या फलकावर मालकाच्या नावापुढे ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ असे लिहिलेले असते, दोन्ही शब्द शेजारी शेजारी. पंच फलकाखालून वाकून आत जातात आणि म्हणतात, यंदा तमाशा ठरवायचा आहे.